अँबेसेडरची दुसरी बोली

लिलावाला जाताना आम्ही यष्टीने गेलो, कारण परत येताना अँबेसेडरमधून यायचं हे मी ठरवूनच टाकलं होतं. घरातून निघताना बायकोने विचारलं, "अन् नाही भेटली त?" मी म्हटलं, "तू आधी चांगलं बोलत जाय." पण तिने पिशवीत नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि चार लिंबं टाकलेली मी पाहिली होती. चार लिंबं म्हणजे चार चाकांखाली. म्हणजे तिच्याही मनात होतंच.

मी जळगाव जामोदच्या एका हायस्कुलात तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. गणिताच्या मास्तरांबद्दल पोरं जे जे बोलतात ते सगळं माझ्याबाबतीत खरं होतं. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली की मी अर्धा गुण कापायचो. तो अर्धा गुण मागायला एखाद्याचा बाप आला, तर बापाच्या हातात खडू द्यायचो. बायको म्हणते, तुमचा स्वभाव म्हणजे बाभळीचं लाकूड, जळतेही अन् तडतडतेही. तिचं म्हणणं मी खोडून काढत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी स्कॉलरशिपच्या परीक्षेला पोरं न्यायची होती. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांची अँबेसेडर दिली आणि मी तिच्यात अकरा पोरं कोंबून केंद्रावर नेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, पुढची सीट सोफ्यासारखी सलग, आणि खड्डा आला की गाडी म्हशीसारखी संथपणे अंग हलवून पुढे जायची. त्या दिवसापासून मला अँबेसेडर हवी होती. पुढे दारात एक स्कूटर आली, मग दुसरी आली, मुलींची लग्नं झाली, आणि या सगळ्या गडबडीत ती गाडी बनायचीच बंद झाली. निवृत्त झाल्यावर मी घरामागे एक टिनाचं शेड उभारलं. शेजारी विचारायचे, "सर, म्हैस घेऊन राह्यले का?" मी हो म्हणून सोडून द्यायचो.

मलकापूरला एका जुन्या जिनिंगचे शेठ वारले होते. त्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद. जिनिंग बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, आणि जिथे पूर्वी कापसाच्या गाठी रचायचे त्या गोदामात त्यांनी पाच गाड्या झाकून ठेवल्या होत्या. मुलगी पुण्याला असते. एवढ्या गाड्या तिथून कोण सांभाळणार, म्हणून तिने लिलाव ठेवला. गुळगुळीत कागदावर गाड्यांची यादी छापली, नागपूर-इंदूरच्या शौकीन लोकांना कळवलं, आणि बोली लावायचं काम मात्र वडिलांच्या ओळखीच्या एका अडत्याला दिलं. या माणसाचा सारा जन्म मार्केट यार्डात तुरीच्या आणि हरभऱ्याच्या ढिगांवर बोली लावण्यात गेला होता.

गाड्या बघायला सकाळी दोन तास दिले होते. लोक गाड्यांपुढे उभे राहून फोटो काढत होते. मी खिशातून चुंबक काढलं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं, निरोपसमारंभात आठवण म्हणून मागून घेतलेलं. पत्रा खरा असेल तर चुंबक चिकटतं. गंज खाल्लेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला असेल तर गळून पडतं. पांढऱ्या अँबेसेडरच्या चारी दरवाजांच्या खालच्या कडा मी गुडघ्यांवर बसून तपासल्या. चुंबक एकदाही पडलं नाही.

"नाही पडनार. लांबीचा एक थेंब नाही तिच्यात."

मागे एक म्हातारा उभा होता. ऐंशीच्या आसपासचा, सडपातळ, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, डोक्याला मफलर. तो शेठचा ड्रायव्हर होता. अडतीस वर्षं ही गाडी त्याने चालवली होती आणि ती बंद ठेवल्यावरही दर आठवड्याला येऊन तो इंजिन सुरू करून जायचा.

"चालू करून दाखवता का, काका?" मी विचारलं.

तो आत बसला, चोक ओढला, अर्धा क्षण थांबला आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागलं. मी बॉनेट उघडून कान देऊन उभा राहिलो. तो काचेतून माझ्याकडे बघत होता, माझी परीक्षा घेतल्यासारखा.

"मास्तर हाय का तुमी?"

"हाव. कसं वयखलं?"

"दुसरे गाडीले पाहते, तुमी तपासून राह्यले." मग त्याने इंजिन बंद केलं आणि विचारलं, "घेतली त चालवसान का?"

"चालवाले नाही त कायले घेऊ?"

त्यावर त्याने मंडपाकडे बोट केलं. तिथे हायवेवरच्या एका धाब्याचे मालक बसले होते, पांढरे कपडे, हसरा चेहरा. "थ्यायलेबी मी हेच विचारलं. थे म्हनते, चालवाची कायले काका, धाब्यापुढं उभी करू, लायटिंग लावू, लोकं फोटो काढतीन. इंजन काढून त्या जागी फुलझाडं लावतो म्हनते." हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, पण त्याने बॉनेटवर हात ठेवला होता तो तसाच राहिला. "बाकी कोनी घ्या. फक्त फुलझाडं नाही लावली पायजे."

मी त्याला म्हटलं, "काका, काळजी करू नोका." मी तीन लाखांपर्यंत जायची तयारी ठेवली होती आणि तेवढ्यात काम होईल अशी माझी खात्री होती.

लिलाव सुरू झाला. मंडपात खुर्च्या होत्या, गाड्या एकेक करून पुढे ढकलत आणत होते. प्रत्येकाला नंबर लिहिलेला पुठ्ठ्याचा पंखा दिला होता, बोली बोलायची तर तो वर करायचा. इंदूरवाले इमानाने पंखे वर करत. मलकापूरवाले पंख्याने वारा घेत आणि बोली बोटाने लावत. एकाने नुसती भुवई उचलली, तीही अडत्याने पकडली. एका जागी उभं राहायची त्याला सवय नव्हती. यार्डात ढिगामागून ढीग चालत बोली लावायची असते. तो गाडीभोवती गरागरा फिरत होता आणि बंपरवर चापट्या मारत होता. लांबलचक विलायती गाडी इंदूरला गेली. जीप नागपूरच्या एका डॉक्टरांनी घेतली.

तेवढ्यात तो म्हातारा ड्रायव्हर आला आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. बायकोने त्याला पाण्याची बाटली दिली, शेंगदाणे दिले. त्याने शेंगदाणे घेतले आणि आम्ही तिघं ओळीत बसून खाल्ले. येणारे-जाणारे त्याला नमस्कार करत होते, तो मान डोलवत होता.

चौथी गाडी माझी. म्हणजे, मी तिला तोवर माझी म्हणायला लागलो होतो.

"अँबेसेडर, एक लाखापासून! बोला!" अडत्या म्हणाला. मी पंखा उंच धरला आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढला, "एक लाख!" धाब्याच्या मालकांचं बोट अर्धं वर आलं होतं. त्यांनी आमच्या ओळीकडे पाहिलं आणि त्याच बोटाने टोपी सारखी केली. अडत्याने आमच्याकडे पाहिलं. सगळा मंडप आमच्याकडे पाहत होता.

"एक बार. दो बार." अडत्या नेहमीपेक्षा भरभर बोलला. "तीन बार! झाली!"

मला वाटलं, हा आपल्या आवाजाचा वचक. खोटं कशाला सांगू, मी बायकोकडे वळून म्हटलंसुद्धा, "पाह्यलं? असं बोलावं लागते." एवढ्या कमी किमतीत गाडी मिळाल्याचा आनंद माझ्या तोंडावर मावत नव्हता. लोक उठून आमच्या दिशेने येऊ लागले. मी हात पुढे केला. ते माझ्या हाताला वळसा घालून म्हाताऱ्याकडे गेले. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कोणी पाया पडलं. धाब्याचे मालकसुद्धा आले. "काका, बेस झालं," ते म्हणाले, "तुमच्याच दारी शोभते थे."

तेव्हा मला उमगलं. आमच्या भागात एक रीत आहे. एखाद्या घरातली वस्तू हर्राशीत, म्हणजे लिलावात, निघाली आणि त्या घरचा माणूस, भाऊ असो की जुना गडी, तिच्यावर बोली बोलला, की बाकीचे गप्प बसतात. हे कोणी कोणाला सांगत नाही. याला लिहाज म्हणतात, आणि लिहाज न पाळणाऱ्याच्या ढिगाजवळ उद्या कोणी उभं राहत नाही. मी ही रीत लहानपणापासून पाहत आलो होतो. त्या दिवशी ती माझ्याच कामी येतेय हे माझ्या गणिती डोक्यात शिरलं नव्हतं. म्हातारा माझ्या शेजारी बसला, माझ्या बायकोच्या हातचे शेंगदाणे खाल्ले, आणि सारा मंडप धरून चालला की हा माणूस त्याच्या नात्यातला आणि गाडी त्याच्यासाठी घेतली जातेय.

मी काही बोलणार, तोच म्हाताऱ्याने माझं मनगट दाबलं. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "उगे राहा जरा."

मी राहिलोही असतो. पण शेठची मुलगी आली. तिने म्हाताऱ्याच्या हातावर साखर ठेवली आणि तिचे डोळे भरून आले. "काका, किमतीचं अजिबात मनात आणू नका," ती म्हणाली. "गाडी तुमच्याकडे राहिली, बाबांना हेच आवडलं असतं." म्हाताऱ्याने साखर मुठीत धरली, तोंडात टाकली नाही.

मला ते सहन झालं नाही. ती बाई आपल्या वडिलांची गाडी मातीमोलाने देत होती ती म्हाताऱ्याला, आणि घेत होतो मी. मधली पायरी गाळलेलं उत्तर. मी उभा राहिलो आणि पुन्हा त्याच आवाजात म्हणालो, "ताई, गैरसमज होऊन राह्यला. गाडी काकासाठी नाही. मी माह्यासाठी घेतली. काकाची अन् माही वयख आज सकाळची."

अडत्या म्हाताऱ्याजवळ आला. "काका, गाडी तुमच्यासाठी नाही का?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तोंडाने खोटं बोलायचं नाही एवढं त्याचं ठरलेलं असावं.

अडत्याने जरा विचार केला. "मास्तर, तीन बार झाले. बजारात तीन बारच्या पुढं बोलनं नाही. कोनाची चूक झाली असन त थे ज्याची त्याच्यापाशी. गाडी तुमची." तो मनापासून बोलत होता. मुलीनेही नाही म्हटलं नाही, फक्त तिचा चेहरा उतरला होता.

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुमाले जसं वाटते तसं करा."

"बोली पुन्हा लावा," मी म्हणालो.

आणि बोली पुन्हा लागली. एक लाख मी बोललो, सव्वा धाब्याचे मालक बोलले. आता त्यांच्या बोटाला कशाची आडकाठी नव्हती. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा ते रीतीने थांबले होते, दुसऱ्यांदा रीतीनेच बोलत होते. दोन लाख, अडीच, पावणेतीन. तीन लाख मी बोललो आणि पंखा मांडीवर ठेवला. त्यांनी बोट उचललं, सव्वातीन. अडत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूने आवाज आला, "तीन लाख तीस हजार."

बायको बोलली होती. तिच्या बांगड्यांसाठी वेगळे ठेवलेले पैसे तीस हजार होते, हे मला माहीत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या या वेडावर तिने नुसती टिंगल केली होती, आणि त्या दिवशी हातात पंखा नसताना ती उठून उभी राहिली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की क्षणभर गाडीचा विसर पडला. धाब्याच्या मालकांनी तिला हात जोडले आणि म्हणाले, "साडेतीन." तीन बार झाले. या वेळी अडत्या सावकाश बोलला, आम्हाला वेळ मिळावा म्हणून, पण वेळ घेऊन आम्ही करणार काय होतो?

शेठच्या मुलीने जाताना माझे आभार मानले. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत, असं ती म्हणाली. अडत्याने चहा पाजला. दोन-चार अनोळखी लोकांनी हात मिळवला. एवढा मान मला माझ्या निरोपसमारंभातही मिळाला नव्हता, आणि मी तो घेतला. छाती थोडी फुगलीच होती. गाडी हातची गेल्याचं दुःख होतं, पण त्या दुःखालाही एक प्रकारची ऐट आली होती.

म्हाताऱ्याने गाडीची चावी धाब्याच्या मालकांच्या हातात दिली आणि तो फाटकाबाहेर पडला. त्याचं घर यष्टी स्टँडच्या वाटेवर होतं, म्हणून आम्ही तिघं बरोबरच चाललो. कापसाच्या गाड्या धूळ उडवत बाजूने जात होत्या. मग त्याने विचारलं, "मास्तर, मी तुमच्या बाजूले काऊन बसलो होतो?"

"खुर्ची खाली होती म्हनून."

"खुर्च्या त गंज खाली होत्या, धा-बारा तरी." तो रस्त्याकडे पाहतच बोलत होता. "हे गाव मले वयखते. मी ज्याच्या बाजूले बसन त्याच्यावर कोनी बोलनार नाही, मले मालूम होतं. सकाळपासून मानूस पाहून राह्यलो होतो. तुमी चुंबक लावलं, मले वाटलं, हा चालवीन."

माझ्या तोंडून निघालं ते सवयीचंच. "पन काका, ताईची फसवनूक झाली असती ना."

"ताईची?" तो पहिल्यांदा थांबला. "थे चालाले शिकली थे माह्यं बोट धरून. मी तिले फसवीन?" मग जरा दम घेऊन म्हणाला, "संध्याकाळी मी तिच्याकडे जेवाले जानार होतो. तवा सांगनार होतो सगळं. काऊन बसलो तुमच्यापाशी, कोनाले गाडी देली, का देली. तिले पटलं नसतं त तुमच्यापाशी तिले घेऊन आलो असतो, बाकीचे पैशे मांगाले. पन तिले पटलं असतं. फुलझाडाचं आयकून तिनं हाव म्हटलं असतं."

मी खिशातलं चुंबक मुठीत धरलं.

"तुमी खरंच बोलले, मास्तर. त्याच्यात तुमची चूक नाही." त्याने मफलर सारखा केला. "पन तुमाले घाई झाली खरं बोलाची."

त्याचं घर आलं. बायकोने वाकून त्याला नमस्कार केला. मीही वाकलो. त्याने दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी सगळ्यांच्या ठेवतो तसा, आणि आत गेला. आत या म्हणाला नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला कोणी पाण्यावाचून परत पाठवत नाही, म्हणून ते मला लागलं.

बस नांदुऱ्याकडे निघाली. हायवेवर तो धाबा लागला तेव्हा ऊन अजून होतं. समोरच्या मोकळ्या जागेत दोन मजूर विटा रचून ओटा बांधत होते. गाडी उभी राहील एवढा लांबरुंद ओटा होता. बायकोने एकदा तिकडे पाहिलं आणि खिडकीची काच लावून घेतली.

"दुखावला थो मानूस," ती म्हणाली.

"गाडी गेली म्हनून," मी म्हणालो.

"गाडीपाई नाही." तिने नारळाची पिशवी सीटखाली सारली.

त्याला आता दोन वर्षं झाली. खरं सांगितलं याचा मला आजही पस्तावा नाही. ताईला ते कळायलाच हवं होतं. पण ते तिला कोणी सांगायचं, कधी सांगायचं, हे त्या म्हाताऱ्याने ठरवलं होतं. तो हक्क त्याने अडतीस वर्षांत कमावला होता. मी सकाळी त्या घरात आलेला माणूस. दुपारी भर मंडपात, सगळ्यांनी माझ्याकडे पाहावं म्हणून, मी तो हक्क त्याच्या हातून काढून घेतला.